अंगठ्याचं नाटक

औंढे, ८ फेब्रुवारी

सारिका पोरी,

तुझा फोन वाजतो आणि आपोआप थांबतो. तुझ्या माहेरी, आंदर मावळात रेंज नसते हे मला ठाऊक आहे. पण रेंज नसली तर फोन वाजतही नाही, एवढं या म्हाताऱ्याला कळतं. म्हणून पेन धरलं. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढचं वाचणं-लिहिणं सगळं नाटकाच्या चोपडीवर शिकलो, तेव्हा कुठं भाषा जड झाली तर ती चोपडीची समज. हे पत्र वडगावच्या बाजारी तुझ्या हनुमंतादादाच्या पिशवीत टाकीन. तो माझ्याशी बोलत नाही, पण पिशवी मागं घेत नाही.

घरचं सांगायचं तर तुझी सासू बरी आहे. गुडघा दुखतो म्हणते आणि दिवसभर बसत मात्र नाही. मधल्या खोलीचं दार नवं बसवलं. साधंच लाकूड आहे, पण दणकट, आणि कडी आतून आहे. बैल गेला नि झोपा केला, असं म्हणशील. म्हण. दिवाळीपासून ते फुटलेलं दार रोज डोळ्यासमोर होतं, शेवटी सुताराला घरी आणूनच सोडलं.

आता मुद्दा. माघी पुनवेला भैरोबाच्या देवळात नारळ तुझ्या नवऱ्याच्या, आपल्या निलेशच्या हातात दिला. यंदाच्या नाटकातला दारुडा तो.

तू औंढ्यात आल्यापासून तीन जत्रा पाहिल्यास, नाटकाला पोट धरून हसलीस, पण त्याच्या मागचं तुला कुणी सांगितलं नसेल. माझे पणजोबा राघोजी लोणावळ्याला रेल्वेच्या गोऱ्या साहेबांच्या क्लबात पंखेवाले होते. व्हरांड्यात बसून दोरी ओढायची, आत पंखा हलायचा. गोरे ड्रायव्हर नि गार्ड घाट चढवून आले की तर्र होईस्तोवर प्यायचे. म्हणून त्यांच्यातल्याच काही जणांनी आणि मडमांनी हौसेनं दारूविरुद्धची नाटकं बसवली. पणजोबांनी ती दोरी ओढता ओढता खिडकीच्या फटीतून पाहिली. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. पण माणूस पितो, बायको रडते, माणसाला नसलेले साप दिसायला लागतात, शेवटी टेबलावर कागद येतो नि सगळे मिळून गाणं म्हणतात, हे कळायला इंग्रजी कशाला लागतं? गावी येऊन त्यांनी तेच मराठीत बसवलं. चोपडीवर नाव आहे 'मदिरामोचन'. गाव म्हणतं अंगठ्याचं नाटक.

दारुड्याचं काम गावातल्या खऱ्या पिणाऱ्याला द्यायचं, हा पणजोबांचा नियम. तालीम दिवेलागणीला, म्हणजे पाय गुत्त्याकडं वळायच्या नेमक्या वेळेला. पिऊन आला तर शिव्या द्यायच्या नाहीत, हात उगारायचा नाही. तालीम थांबवून सगळ्यांनी गप्प बसून राहायचं, तो आपणहून उठून जाईपर्यंत. आणि शेवटच्या प्रवेशात त्याची खरी बायको बायकांतून उठून वर येते आणि 'हा जन्मात दारूला शिवणार नाही, मी जामीन' या कागदावर अंगठा लावते. ते तर तू पाहिलंच आहेस.

तर पोरी, चैत्री पुनवेला जत्रेच्या नाटकाला ये. निलेश तालमीला येतोय. दिवाळीत काय झालं ते तू मला सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही, दारानं सांगितलं तेवढं पुष्कळ झालं. तू कायमची परत ये असं मी म्हणत नाही. एक अंगठा लाव, पाहिजे तर त्याच पावली माघारी जा.

तुझा,
आबा

औंढे, २१ फेब्रुवारी

सारिका पोरी,

दोन बाजार कोरडे गेले. हनुमंता पिशवी पुढं करतो, पत्र आत पडलं की खांद्याला लावतो नि चालू लागतो. पोस्टाच्या पेटीला निदान तोंड तरी असतं.

तालमी झकास चालल्यात. केरबा तुला ठाऊकच आहे, रेल्वेत गँगमन होता तो, नाटकात दारुड्याची बायको होतो. यंदा त्यानं मिशी लवकर उतरवली आणि नऊवारी नेसून देवळाच्या पायरीवर विडी ओढत बसला, तर एसटीतनं उतरलेला पाहुणा त्याला बाई समजून वाट सोडून गेला. निलेशची चाल बघून केरबा म्हणाला, "ह्याला काय शिकवायचं, माशाला पव्हनं?" आणि लगेच जीभ चावली. पण निलेशच हसला. आपल्या घरात बऱ्याच दिवसांनी त्याच्या हसण्याचा आवाज माझ्या कानावर आला. घरात म्हणजे देवळात.

मी नेहमीसारखा पडद्याआड चोपडी घेऊन बसतो, कुणी अडलं की वाक्य पुरवतो. निलेश अजून एकदाही अडला नाही. मंगळवारी तेवढी तालीम झाली नाही, देवळातली लाईट गेली होती.

मंडळाचा अध्यक्ष म्हणजे आपला पप्पू, माझा चुलतपुतण्या. प्लॉटिंगच्या धंद्यातनं त्याला कधी नव्हे ती फुरसत मिळाली आणि जत्रेचं सगळं त्यानं अंगावर घेतलं. त्यानं फाट्यावर काहीबाही लावलंय. कानावर आलं तर मनाला लावून घेऊ नकोस, मोठी गोष्ट नाही.

तू यायचं काय ठरवलंस ते कळव. शेवटचा प्रवेश तुझ्यावाचून बसवता येत नाही. केरबाचाच अंगठा चालेल का म्हणून मी कमिटीत विचारून पाहिलं. सगळे हसले. मी हसण्यासारखं विचारलं नव्हतं.

तुझा,
आबा

औंढे, ६ मार्च

सारिका,

हनुमंता बोलला. कांद्याच्या ढिगापाशी माझ्यासमोर उभा राहिला, इकडं तिकडं बघितलं आणि पाठ केल्यासारखं म्हणाला, "आबा, सारिकानं ईचारलंय, पिनारा त्यो, मंग अंगठा माजा कशापायी?" उत्तराला थांबला नाही. मी हातात कांदा धरून तसाच उभा. कांदेवाला म्हणाला, घ्यायचाय का नुसता धरायचाय?

मला राग आला पोरी, खोटं कशाला बोलू. पणजोबांपासून गावातल्या किती बायका त्या पायऱ्या चढल्या. कुणी विचारलं नाही. माझी आई चढली. अंगठा लावण्यात कमीपणा असता तर माझी आई लावती का? असंच काहीतरी मनात घोळवत घरी आलो आणि तुझ्या सासूला सगळं सांगितलं. म्हटलं ही तरी माझ्या बाजूनं बोलेल. ती तांदूळ निवडत होती. सुपातली मान वर न करता म्हणाली, "आत्याबाईंनी, तुमच्या आईनं, तीन डाव लावला. तिनी डाव येकाच मानसापायी. मामंजी प्यालं की गाव मामंजींना कवाच काय बोललं न्हाई. आत्याबाईंनाच ईचारायचं, काय गं, तू जामीन व्हतीस नव्हं?"

मी म्हटलं, हे तू मला आजवर बोलली नाहीस. ती म्हणाली, "तुमी कवा ईचारलंत? पोरीनं ईचारलं म्हून निघालं."

त्या दिवशी मी जेवलो, पण काय जेवलो ते आठवत नाही.

आता मागच्या पत्रातलं दुरुस्त करतो. फाट्यावर फ्लेक्स आहे. तुझा लग्नातला फोटो, मुंडावळ्यांसकट, आणि खाली 'यंदाचा मानाचा अंगठा, सौ. सारिकाताई'. बाजूला पप्पूचा फोटो, तुझ्याहून मोठा. तुला विचारलेलं नाही हे मला माहीत होतं. मी पप्पूला म्हटलं, अरे, ती अजून हो म्हणाली नाही. तर म्हणाला, "आबा, बोर्ड लागला की मानूस येतंच." हात दाखवून अवलक्षण ते हेच. तुमच्या वाडीत कुणाच्या तरी मोबाईलवर तो बोर्ड आधी पोचला, माझं पत्र मागनं गेलं, हेही हनुमंताच्या तोंडाकडं बघून कळलं.

आणि त्या मंगळवारी लाईट गेली नव्हती. निलेश पिऊन आला होता. आम्ही सगळे नियमाप्रमाणं गप्प बसलो. तो मधे उभा राहून एकेकाच्या तोंडाकडं बघत होता. केरबानं पदर तोंडाला लावला, आणि ते नाटकातलं नव्हतं. मग निलेश निघून गेला. धुळवडीला परत तसंच झालं.

पण बाकीच्या दिवशी आला, पोरी. दिवेलागणीला, शुद्धीत, आणि चपला बाहेर जोडून ठेवून. हेही खरं आहे, नि नुसतं वाईट तेवढं लिहिलं तर तेही खोटंच होईल. म्हणून माझं म्हणणं अजून तेच आहे, ये. रागात लिहिलेलं पत्र फाडावं म्हणतात. पण दुसरं लिहायला बसलो तर तेही असंच उतरेल, तेव्हा हेच पाठवतो.

आबा

औंढे, १९ मार्च, पाडवा

सारिका पोरी,

पिंकी आलीय सणाला, आपल्या थोरलीची मुलगी, पुण्याला शिकते ती. गुढी उभारून झाल्यावर मी तिला तुझा प्रश्न सांगितला. म्हटलं, तू शिकलेली आहेस, सांग, सारिकाला काय उत्तर देऊ. ती म्हणाली, उत्तर राहू दे आज्जा, आधी ते साहेब लोक काय करायचे ते बघू. तसली जुनी इंग्रजी नाटकं मोबाईलवर मिळतात म्हणे. तिनं चार-पाच काढली आणि नुसते शेवट मला मराठीत सांगत गेली. कुठं बायको मरते, कुठं पोर मरतं, एकात तर दारुडाच मरतो. पण जिथं कागद आहे, तिथं कागदावर सही त्याची. पिणाऱ्याची.

मी विचारलं, आणि बाई काय करते गं?

"बाई पेन देते, आज्जा."

मी तिला परत बघायला लावलं. पेनच देते.

तेव्हापासून डोळ्यासमोर तो व्हरांडा हलत नाही. पणजोबा बाजूला बसलेले, फट केवढीशी. मडम पेन घेऊन टेबलाकडं वळली ते त्यांनी पाहिलं असणार. तेवढ्यात पंखा मंदावला म्हणून आतून कुणीतरी खेकसलं असेल, यांनी मान खाली घालून दोरी ओढली असेल, आणि परत फटीला डोळा लावला तेव्हा कागदावर सही झालेली. पेन बाईच्या हातात पाहिलं, म्हणजे सही बाईनं केली! हा माझा तर्क आहे, त्याला पुरावा नाही. पण तुझ्या प्रश्नावर याच्याइतकं पटणारं दुसरं काही मला सुचलं नाही. पंख्याच्या एका ओढीनं गावातल्या एवढ्या बायका जामीन झाल्या. चोर सोडून संन्याशाला सुळी. देव्हाऱ्यात पितरांच्या टाकाला फूल वाहताना आज माझा हात आखडला, मग म्हटलं बिचाऱ्याला दिसलं तेवढं त्यानं केलं. आम्ही तर उजेडात समोर बसून बघत होतो.

संध्याकाळी कमिटी बसवली. मी म्हटलं, यंदापासून अंगठा निलेशचा. पप्पू म्हणाला, "परंपरा मोडायची व्हय आबा? लोकं नाटक कुटं बगाया येत्यात, अंगठा बगाया येत्यात." मी पिंकीचं सगळं सांगितलं. त्याच्या कपाळावरची आठी हलली नाही. म्हणाला, साहेबाचं साहेबापाशी, आपलं आपल्यापाशी. माझा आवाज चढला, त्याचाही चढला. शेवटी केरबा म्हणाला, "मी इतकी सालं ह्या गावाची बायकू हाय. दर सालाला नवा नवरा. जामीन ऱ्हाशील का म्हून मला येकानंबी ईचारलं न्हाई. ईचारलं असतं तर न्हाई म्हनलो असतो." सगळे हसले, आणि हसण्यात ते मंजूर झालं. आपल्याकडं अशीच कामं मंजूर होतात.

फ्लेक्स मी विळ्यानं उतरवला. पेंढ्याच्या गंजीवर टाकलाय, तुझ्या फोटोची बाजू आत करून. पप्पू तेव्हापासून फिरकला नाही. बरं वाटलं.

निलेशला मी वाटेतच गाठून सांगितलं. मला वाटलं होतं त्याला हलकं वाटेल. तर तो पांढरा पडला. म्हणाला, "आबा, सारिका लावनार व्हती तवा सोप्पं व्हतं."

यावर मी बाप म्हणून काय बोलायचं होतं? चोपडीत असतं तर वाचून दाखवलं असतं.

तेव्हा अंगठ्यासाठी तू यायची गरज नाही. ते मागणं मी परत घेतलं, आणि तुला न विचारता बोर्डवर चढवली त्याबद्दल हात जोडतो. नाटक बघायला ये, हेही म्हणणार नव्हतो. पण लिहून झालं, आता खोडत नाही.

आबा

औंढे, ३ एप्रिल

सारिका,

काल नाटक झालं. गावाच्या मते नाटकाचा विचका झाला. पप्पूनं सकाळी येऊन तसं सांगितलं, चहा घेतला आणि परत सांगितलं. माझं डोकं अजून तापलेलंच आहे. पण कशानं तापलंय ते नीट कळत नाही, म्हणून घडलं तसं लिहितो.

पहिले प्रवेश असे झाले की काय सांगू. निलेश नुसता आत आला तरी लोक लोळत होते. सापाच्या प्रवेशात तो चहूकडं बघत एक पाय उचलून उभा राहिला, आणि हसता हसता लोक गप्प होत गेले. पुढं बसलेल्या लहान पोरांनी पाय जवळ घेतले. मी पडद्याआडून बघत होतो. ते काम नव्हतं पोरी, त्याला ते साप माहीत होते.

मग शेवटचा प्रवेश. टेबल आलं, कागद आला. सवयीनं बायकांनी माना वळवल्या, यंदा कोण उठतंय बघायला. कुणी उठलं नाही. केरबानं शाईची वाटी निलेशपुढं धरली. निलेशनं अंगठा शाईत बुडवला, कागदावर नेला आणि कागदाच्या वर तसाच धरला.

मला वाटलं अडला. मी आतून वाक्य दिलं. 'आजपासून जन्मात शिवणार नाही.' तो हलला नाही. मी मोठ्यानं दिलं. बहुतेक पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं. त्याला तर पहिल्या वेळीच ऐकू गेलं होतं. त्यानं माझ्या बाजूला बघून मान हलवली. नको, अशी.

मग लोकांकडं वळून म्हणाला, "मंडळी, ह्यावर जल्माचं लिवलंय. जल्माचं मला म्हाईत न्हाई. आज न्हाई प्यालो, ते म्हाईत हाय. उद्याचं मी लिवून देत न्हाई." आणि निळा अंगठा सदऱ्याला पुसला.

पडदा ओढायचा की नाही हे कुणाला कळेना. गाणं म्हणायला उभी राहिलेली मंडळी तोंड उघडून तशीच. पप्पू विंगेतून हातवारे करतोय. मागनं कुणीतरी ओरडलं, मंग नाटक कशाला क्येलं? आणि बायकांतनं सविता उठली. तिच्या नवऱ्यानं दोन जत्रांपूर्वी हे काम केलं होतं, हिनं अंगठा लावला होता, आणि तो आषाढातच परत सुरू झाला. सविता जागेवरनंच म्हणाली, "आबा, मंग माजा अंगठा परत द्या."

आधी कुणी हसलं, मग कुणीच हसलं नाही. पडद्याआडचा माणूस मी, पडद्याबाहेर आलो, चोपडी हातात, चष्मा कपाळावर, आणि एवढंच म्हणालो, सकाळी घेऊन जा. मग केरबानं आपणच जाऊन पडद्याची दोरी ओढली, नऊवारीत.

सकाळी सविता आली. देवळातल्या नाटकाच्या पेटीत ते कागद असतात. तिचा काढून दिला. तिनं तो बघितला, चार घड्या घातल्या, कनवटीला लावला नि शेतावर गेली. दुपारपर्यंत आणखी दोघी आल्या. त्यांतली एक तुझी सासू. आत्याबाईंचे तिन्ही तिनं मागून घेतले. मी विचारलं, त्यांचं तू काय करणार? तर म्हणाली, "चुलीत घालीन, न्हाईतर जपून ठेवीन. माजं मी बगीन."

निलेशवर मी फार चिडलो होतो. अंगठा लावायचाच नव्हता तर शाईत कशाला बुडवलास, असंही ओरडलो. तो म्हणाला, "लावायचा व्हता आबा. कागदापत्तुर गेल्यावर लबाडी वाटली." मग गोठ्यात जाऊन शेण काढत बसला. मी रागारागानं दारात उभा होतो. त्या अंगठ्याकडं लक्ष गेलं, अजून निळाच होता.

मला सरळ सुधारलेला पोरगा पाहिजे होता सारिका, जसा चोपडीत सुधारतो तसा. बाकी नाटकातला दारुडा दरसाल सुधारतो, गाणं म्हणतो आणि नारळ-पेढे घेऊन घरी जातो. माझ्या वाट्याला हा आला. उद्याचं सांगत नाही म्हणतो. तुला मी कुठल्या तोंडानं काय सांगू?

पण एक राहिलं. नाटक झालं की मंडळाला पुढच्या माघापर्यंत सुट्टी. देवळात कुणी जात नाही. आज दिवेलागणीची वेळ झाली तसा निलेश उठला, हातपाय धुतले, चपला घातल्या. मी काही विचारलं नाही. तुझ्या सासूनं माझ्याकडं बघितलं. मी काठी घेतली नि लांबनं मागं गेलो. फाट्यावरच्या गुत्त्याकडं वळेल असं वाटलं होतं. तो देवळाकडं वळला.

केरबा आधीच पायरीवर बसला होता. धोतर-सदऱ्यात, ओठावर नुकतं पांढरं उगवलेलं. निलेश म्हणाला, "पैला प्रवेश घ्यायचा का?" केरबा म्हणाला, "घे की. मला काय, घरी म्हातारी वराडतीय." आणि दोघांनी सुरू केलं. समोर कोणी नाही, टेबल नाही, कागद नाही. एका ठिकाणी निलेश अडला. या सबंध तालमींत पहिल्यांदा अडला. मी अंधारातनं वाक्य दिलं. त्यानं मागं वळून न बघता ते घेतलं नि पुढं गेला.

उद्या जाईल का, मला माहीत नाही. यायचं की नाही ते तुझं तू बघ. मी त्याला जामीन राहत नाही. आज मी जे पाहिलं, तेवढं लिहिलं.

आबा